क्विटोजवळचा रुकू पिचिंचा: विरळ हवेची सवय, वाट आणि वेळापत्रक याविषयी मार्गदर्शन हवे

प्रश्न : मृण्मयी_पुणे

नमस्कार. येत्या जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात कामानिमित्त मला इक्वेडोरची राजधानी क्विटो येथे आठवडाभर राहायचे आहे आणि या वेळी माझे वडीलही सोबत येणार आहेत. शहराला अगदी खेटून उभ्या असलेल्या पिचिंचा ज्वालामुखीच्या रुकू पिचिंचा या ४,६९६ मीटर उंचीच्या शिखरावर जाण्याची माझी मनापासून इच्छा आहे. गेली बारा वर्षे मी सह्याद्रीत नियमित भटकते. राजगड ते तोरणा, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, अलंग-मदन-कुलंग हे सगळे झालेले असल्याने दिवसभर चालण्याची, घसाऱ्यावरून उतरण्याची आणि सोप्या कातळटप्प्यांची सवय आहे. मात्र आपले कळसूबाई १,६४६ मीटरवर संपते आणि त्याहून फार उंचावर मी आयुष्यात एकदाच, लेहला विमानाने गेले होते तेव्हा, राहिले आहे. तिथली पहिली रात्र डोकेदुखीने तळमळत काढली होती, हे प्रांजळपणे सांगते.

वेळापत्रक असे आहे: रविवारी रात्री आम्ही पोहोचू, सोमवार आणि मंगळवार मोकळे आहेत, बुधवार ते शुक्रवार माझे काम आहे, शनिवार पुन्हा मोकळा आहे आणि रविवारी रात्री उशिरा परतीचे विमान आहे. कामाआधी डोंगर उरकून टाकावा म्हणून मी मंगळवार ठरवला होता. शहरातून निघणारी केबल कार सुमारे ३,९४५ मीटरपर्यंत नेऊन सोडते, म्हणजे प्रत्यक्ष चढ साडेसातशे मीटरच उरतो. सिंहगडाच्या पायवाटेपेक्षा थोडा अधिक. हा हिशेब कितपत बरोबर आहे? वाटेवर दोराची गरज पडते का? ज्वालामुखी जागृत आहे असे वाचले, तर त्याची काळजी करावी का? वडील एकसष्ट वर्षांचे आहेत, रोज पाच किलोमीटर चालतात, रक्तदाबाची गोळी सुरू आहे आणि रक्तदाब आटोक्यात आहे. शिखराचा आग्रह त्यांचा नाही, पण केबल कारने वर यायची त्यांना हौस आहे. ते करणे योग्य ठरेल का?

उत्तर १ : आडवाट

मृण्मयीताई, नोकरीनिमित्त मी तीन वर्षे क्विटोत राहिलो आणि त्या काळात रुकू पिचिंचावर पाच वेळा गेलो. त्यांपैकी तीनदा शिखर झाले आणि दोनदा पाऊस व विजांमुळे खालूनच परतावे लागले. त्या अनुभवावरून पहिली विनंती ही, की मंगळवार सोडून द्या आणि शनिवार धरा. तुमचा साडेसातशे मीटरचा हिशेब अंतर आणि चढ यांपुरता बरोबर आहे, परंतु सिंहगडाचा चढ जिथे सुरू होतो तिथली हवा आणि ३,९४५ मीटरवरची हवा यांची तुलनाच होऊ शकत नाही. केबल कार तुम्हाला जवळजवळ चार हजार मीटरवर अर्ध्या तासाच्या आत नेऊन सोडते. पायांना त्यात काहीच कष्ट पडत नाहीत आणि म्हणूनच माणूस फसतो, कारण शरीराला जे काम चार दिवसांत करायचे असते ते अर्ध्या तासात उरकले असा भास होतो.

क्विटो शहर सुमारे २,८५० मीटरवर आहे. बुधवार ते शुक्रवार तुम्ही बैठकींत बसलेल्या असाल तेव्हाही शरीर आपले काम करत राहील, त्यामुळे कामाचे तीन दिवस हे डोंगरासाठी वाया गेलेले दिवस आहेत असे समजू नका. तीच तुमची खरी तयारी आहे. शिवाय शनिवारी हवा बिघडली, तर रविवारची सकाळ राखीव राहते. विमान रात्री उशिराचे असल्यामुळे हे जमू शकेल, मात्र विमानतळ आता शहरात राहिलेला नाही. २०१३ पासून तो पूर्वेला ताबाबेला येथे आहे आणि रस्त्यात गर्दी लागली तर तिथे पोहोचायला तास-दीड तास सहज जातो.

आता वाट सांगतो. वरच्या स्थानकाचा परिसर क्रूस लोमा या नावाने ओळखला जातो. तिथून पायवाट पश्चिमेकडे गवताळ सोंडेवरून निघते. हे गवत आपल्या पठारांवरच्या गवतासारखे मऊ नसून झुपक्यांचे, गुडघाभर उंचीचे आणि पिवळट असते. तिथले लोक या गवताळ उंच प्रदेशाला ‘पारामो’ म्हणतात. पहिला दीड-दोन तास वाट ठळक, चढ-उताराची आणि अगदी निर्धोक आहे. समोर रुकूचा काळपट कातळमाथा सतत दिसत राहतो आणि तो जवळ येतच नाही असे वाटते. सुमारे ४,४०० मीटरच्या आसपास सोंड कातळाला भिडते. तिथून थेट धारेने वर जाणारी वाट कातळारोहणाची आहे, तिच्या नादी लागू नका. नेहमीची वाट उजवीकडे वळून माथ्याला वळसा घालत आडवी जाते. याच आडव्या वाटेवर ‘पासो दे ला मुएर्ते’ म्हणजे मृत्यूची वाट या नावाचा अरुंद कातळी टप्पा आहे. नावाने घाबरू नका. ज्याने अलंगचा कातळटप्पा पार केला आहे त्याला कोरड्या दिवशी तो टप्पा सहज जमतो आणि दोर लागत नाही. पण गारा पडून गेल्या असतील किंवा कातळ ओला असेल, तर तिथूनच मागे फिरावे, कारण एका बाजूला उतार सरळ खाली जातो आणि निसटले तर अडायला काहीही नाही.

त्यापुढे वाळूचा लांबलचक चढ लागतो, त्याला ‘अरेनाल’ म्हणतात. ज्वालामुखीतून आलेली ही भुरी, भुसभुशीत रेती आहे आणि तिच्यावर दोन पावले वर टाकावीत तर एक पाऊल खाली येते. माझ्या मते संपूर्ण डोंगरावर माणसाची खरी परीक्षा इथेच होते. पहिल्या खेपेस मी वीस पावले मोजायचो आणि थांबायचो. नंतर बारावर आलो, शेवटी आठवर. काठ्या असतील तर फार उपयोग होतो. वाळू संपल्यावर अखेरचा अर्धा तास मोठ्या दगडांमधून हातांचा आधार घेत चढावे लागते. स्थानकापासून शिखरापर्यंत तीन ते पाच तास आणि उतरायला दोन ते तीन तास धरा.

वेळेबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तिथे सकाळ बहुधा निरभ्र असते, अकराच्या सुमारास खालच्या दऱ्यांतून ढग वर चढू लागतात आणि दुपारी बहुतेक वेळा पाऊस, गारा किंवा विजा असतात. जून ते सप्टेंबर हा कोरडा काळ असल्याने जुलै उत्तम आहे, मात्र त्या महिन्यांत वारा फार जोराचा असतो आणि केबल कार वाऱ्यामुळे थांबवलीही जाते. सकाळची पहिली फेरी पकडा आणि दुपारी एक वाजता तुम्ही कुठेही असाल, शिखर हाताशी दिसत असले तरी, तिथून परत फिरा. केबल कारची शेवटची खालची फेरी किती वाजता आहे हे तिकीट घेतानाच विचारून ठेवा, कारण ती चुकली तर अंधारात पायी शहराकडे उतरणे सुरक्षित नाही. या परिसरात पूर्वी वाटसरूंना लुटण्याचे प्रकार घडलेले आहेत. म्हणून शनिवार-रविवारी, म्हणजे वाटेवर स्थानिकांची वर्दळ असते तेव्हा, आणि शक्यतो स्थानिक वाटाड्यासोबत जावे. तात्काळ मदतीसाठीचा क्रमांक ९११ आहे.

उत्तर २ : भूलतज्ज्ञ_नाशिक

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे आणि त्यामागचे कारण वैद्यकीय बाजूने सांगतो. उंचावर प्राणवायूचे प्रमाण कमी होते असे आपण सैलपणे म्हणतो, पण हवेतील प्राणवायूचा वाटा वरही एकवीस टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला हा दाब ७६० मिलिमीटर पारा असतो, क्विटोत तो साधारण ५४० च्या आसपास येतो आणि रुकूच्या माथ्यावर ४३० च्या जवळपास. म्हणजे शिखरावर प्रत्येक श्वासात तुम्हाला मुंबईच्या मानाने छप्पन-सत्तावन्न टक्केच प्राणवायू मिळणार. त्यावर शरीराचा पहिला उपाय म्हणजे श्वास वाढवणे. पण जोराच्या श्वसनाने रक्तातील कर्बवायू उतरतो, रक्त अल्कधर्मी होते आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. मूत्रपिंडे ही अल्कधर्मिता हळूहळू लघवीवाटे बाहेर टाकतात तेव्हाच श्वास मोकळेपणाने वाढू शकतो, आणि या कामाला काही दिवस लागतात. व्यायामाने कमावलेला दमसास या कामाची गती वाढवत नाही. उलट दणकट माणसे वेगाने चढतात आणि म्हणून अधिक आजारी पडतात, हे मी हिमालयात दोन वेळा तुकडीसोबत गेलो असताना स्वतः पाहिले आहे.

लेहला तुम्हाला झालेली डोकेदुखी ही महत्त्वाची नोंद आहे, कारण ज्याला एकदा त्रास झाला त्याला तशाच घाईत पुन्हा होण्याचा संभव असतो. डोकेदुखीच्या जोडीला मळमळ, भूक मरणे, गरगरणे किंवा विलक्षण थकवा असेल, तर दुसरे कारण सापडेपर्यंत तो उंचीचाच विकार समजावा. अशा वेळी वर चढू नये. विश्रांतीने बरे वाटले नाही तर खाली उतरावे. चालताना तोल जाऊ लागला, बोलणे विसंगत झाले किंवा बसल्या जागीही धाप लागून खोकला येऊ लागला, तर मेंदूला किंवा फुप्फुसाला सूज आल्याची ती खूण असते आणि तिथे एक मिनिटही न दवडता खाली उतरणे हाच उपचार आहे. रुकूची जमेची बाजू ही, की स्थानक गाठले की अर्ध्या तासात सुमारे आठशे मीटर खाली येता येते. आडवाट यांनी सांगितलेली शेवटच्या फेरीची वेळ म्हणूनच मला फार मोलाची वाटते.

ॲसिटाझोलामाइड हे औषध वर सांगितलेले मूत्रपिंडांचेच काम लवकर घडवून आणते. प्रतिबंधासाठी सामान्यतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवी वारंवार होते आणि सोड्याची पेये बेचव लागतात. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वडिलांच्या बाबतीत मात्र स्वतःच्या मनाने ही गोळी देऊ नका. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारा घटक आहे का, हे त्यांच्या डॉक्टरांनी पाहूनच निर्णय घ्यावा. उंचीवर पहिले काही दिवस रक्तदाब थोडा वाढतो, त्यामुळे गोळी बंद करायची नाही, सोबत मोजायचे यंत्र न्यायचे आणि रोज सकाळी नोंद ठेवायची. त्यांनीही केबल कारने शनिवारीच वर जावे. पहिल्या दोन रात्री मद्य आणि झोपेच्या गोळ्या दोघांनीही कटाक्षाने टाळाव्यात.

उत्तर ३ : सिंधुताई_बोरिवली

मी ‘मंगळवार’ करून पाहिलेला आहे, म्हणून लिहिते. सहा वर्षांपूर्वी आम्ही मैत्रिणी क्विटोत उतरल्यानंतर तिसऱ्याच दिवशी वर गेलो. स्थानकावर पिशवी उघडली तेव्हा घरून नेलेले चिवड्याचे बंद पाकीट उशीसारखे टम्म फुगलेले होते. आम्ही त्याचे छायाचित्र काढले, कौतुक केले आणि पुढे निघालो. ज्या विरळ हवेमुळे पाकीट फुगले तीच हवा आता आपल्याला पुरवून वापरायची आहे, हा विचार एकीच्याही मनात आला नाही. तासाभराने माझ्या कपाळाच्या दोन्ही बाजूंना ठणका सुरू झाला. कातळापाशी पोहोचेपर्यंत मला पाण्याचा वासही नकोसा झाला होता. सोबतच्या स्थानिक वाटाड्याने मला बुटाची नाडी बांधायला सांगितली. मी वाकले, आणि नाडीची गाठ कशी मारतात हे काही क्षण मला आठवेचना. त्याने पुढे काही विचारले नाही, माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि आम्हा सर्वांना परत फिरवले. संध्याकाळी शहरात उतरल्यावर दोन तासांत मी बरी झाले.

त्या दिवशी मला वाईट वाटले होते, आज त्या माणसाविषयी कृतज्ञता वाटते. वाटाड्या घेताना पैशांचा विचार करू नका. तसेच ऊन विसरू नका. विषुववृत्त शहराच्या अगदी जवळ आहे आणि त्यात ही उंची, त्यामुळे गार वाऱ्यात ऊन लागत असल्याचे कळतच नाही. माझ्या मैत्रिणीच्या कानांच्या पाळ्या आणि ओठ अक्षरशः सोलून निघाले होते. टोपी, गडद चष्मा आणि ओठांना लावायचे मलम घ्याच. शाकाहारी असाल तर आदल्या रात्री ‘लोक्रो दे पापा’ हे बटाट्याचे दाट सार घ्या, त्यात चीज आणि ॲव्होकाडो घालतात आणि पोटाला ते हलके पडते. बटाटा मुळात याच पर्वतरांगांतला आहे, त्यामुळे तो तिथे किती जातींचा मिळतो हे बाजारात जाऊन पाहण्यासारखे आहे.

उत्तर ४ : काळा_पाषाण

ज्वालामुखीच्या जागृतीविषयीचा प्रश्न राहिला आहे, त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो; भूशास्त्र हा माझा अध्यापनाचा विषय आहे. पिचिंचा हा एकच सुळका नसून ज्वालामुखींचा समूह आहे. केचुआ भाषेत ‘रुकू’ म्हणजे म्हातारा आणि ‘ग्वाग्वा’ म्हणजे तान्हे मूल. तुम्ही ज्यावर जाणार तो म्हातारा केव्हाच विझलेला आहे. जागृत आहे ते त्याच्या पश्चिमेचे, ४,७८४ मीटर उंचीचे ग्वाग्वा पिचिंचा. १६६० च्या उद्रेकात क्विटो शहरावर सुमारे ३० सेंटिमीटर राखेचा थर साचला होता. अलीकडे १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये शहराच्या डोक्यावर राखेचा प्रचंड स्तंभ उभा राहिला आणि विमानतळ बंद ठेवावा लागला. ग्वाग्वाचे विवर पश्चिमेकडे फुटलेले असल्यामुळे तप्त लोट शहराच्या विरुद्ध दिशेला वाहतात. शहराला खरा त्रास होतो तो राखेचा आणि पावसाने त्या राखेचा चिखल होऊन ओढ्यांतून खाली येण्याचा. राष्ट्रीय पॉलिटेक्निक विद्यापीठाची भूभौतिकी संस्था या डोंगरावर सतत लक्ष ठेवून असते आणि तिची माहितीपत्रके सर्वांना पाहता येतात. निघण्याआधी ती पाहावीत, एवढी काळजी रुकूसाठी पुरेशी आहे. ग्वाग्वाच्या विवरात मात्र कधीही उतरू नये. १९९३ च्या मार्चमध्ये तिथे वाफेचा अचानक स्फोट होऊन या संस्थेच्या दोन संशोधकांचा मृत्यू झाला होता आणि त्या कामातले ते जाणकार होते.

सह्याद्रीत वावरणाऱ्यांना एक फरक मुद्दाम सांगावासा वाटतो, कारण तो हातापायांशी संबंधित आहे. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच आहे, परंतु सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून पातळ बेसॉल्ट लाव्हा वाहत दूरवर पसरला आणि थरांवर थर बसत गेले; म्हणूनच आपल्या कड्यांना त्या आडव्या पट्ट्या दिसतात आणि हाताला घट्ट खोबण्या मिळतात. अँडीजमध्ये नाझ्का भूपट्ट दक्षिण अमेरिकेच्या भूपट्टाखाली सरकतो आहे. तिथला लाव्हा सिलिकायुक्त आणि दाट असतो, तो दूर वाहत नाही, राख आणि दगडांसह मुखाभोवतीच साचत जातो. त्या दगडाला या पर्वतरांगेवरूनच अँडेसाइट हे नाव मिळाले आहे. अशा साचलेल्या डोंगरात कातळ ठिसूळ आणि सुटा असतो. तेव्हा शेवटच्या अर्ध्या तासात आपल्या बेसॉल्टवर टाकतो तसा पूर्ण विश्वास कोणत्याही खोबणीवर टाकू नका. आधी हाताने हलवून पाहा आणि वरच्या माणसाच्या थेट खाली उभे राहू नका.

जाता जाता सांगतो, १७३७ मध्ये पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी आलेल्या फ्रेंच मोहिमेतले शास्त्रज्ञ बुगेर आणि ला काँदामीन याच पिचिंचाच्या कातळावर एका झोपडीत तेवीस दिवस राहिले होते. दूरच्या डोंगरांवरच्या खुणा दुर्बिणीतून टिपायच्या होत्या आणि ढग त्यांना त्या दिसू देत नव्हते. एक दिवस ढगांमुळे परत फिरावे लागले तर त्यांची आठवण ठेवा.

मृण्मयी_पुणे

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. मंगळवार रद्द केला आहे. सोमवारी आणि मंगळवारी जुन्या शहरातच सावकाश फिरू, शनिवारी पहिल्या फेरीने वर जाऊ आणि रविवारची सकाळ राखीव ठेवू. वडिलांना आज त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. त्यांनी तपासण्या लिहून दिल्या आहेत आणि शनिवारच्या बेताला तूर्त हरकत नाही असे सांगितले आहे. नाडीच्या गाठीची गोष्ट बाबांनी दोनदा वाचून घेतली. आता एकच शंका उरते: मी शिखराकडे गेले असताना पाच-सहा तास त्यांना त्या उंचीवर एकटे थांबवणे बरे नाही. मग काय करावे?

आडवाट

त्यांना इतका वेळ वर थांबवू नका. तुम्ही दोघे पहिल्या फेरीने वर जा, तास-दीड तास सोबत घालवा. स्थानकाजवळ उपाहारगृह आहे, लहानसे चर्च आहे आणि गवताळ धारेवर बसून पाहायला दृश्य आहे. हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला कायांबे, आग्नेयेला अंतिसाना, दक्षिणेला कोटोपाक्सीचा पांढरा शंकू आणि खाली लांबच लांब पसरलेले अख्खे क्विटो दिसते. त्यानंतर बाबांना केबल कारमध्ये बसवून द्या आणि मगच सोंडेवर पाऊल ठेवा. यात तुमचा तास-दीड तास जाईल, तो आधीच हिशेबात धरून परतीची एक वाजताची मर्यादा तीच ठेवा.

खाली उतरल्यावर त्यांना इतिहासाची आवड असेल, तर टॅक्सीने पिचिंचाच्या उतारावरच्या ‘सीमा दे ला लिबेर्ताद’ या स्मारकाला जाता येईल. २४ मे १८२२ रोजी स्वातंत्र्यसेनानी अंतोनियो होसे दे सुक्रे यांच्या सैन्याने रात्रभर हाच डोंगर चढून सकाळी स्पॅनिश फौजेचा पराभव केला आणि क्विटो स्वतंत्र झाले. स्मारक केबल कारच्या वरच्या स्थानकापेक्षा बरेच खाली असल्यामुळे तिथे त्यांना धाप लागणार नाही. टॅक्सी रस्त्यावर हात दाखवून थांबवू नका, हॉटेलकडून किंवा ॲपवरून मागवा. दुपारी तुम्ही उतराल तेव्हा खालच्या स्थानकावर भेटण्याची वेळ आणि जागा दोघांनी सकाळीच ठरवून घ्या, कारण सोंडेवर मोबाइलला रेंज असेलच याचा भरवसा नाही.